सागरदीप ब्रास बँड, शाखा अंधेरी

२ फेब्रुवारी १९८६, रविवार

मी मालक झालो. लिहून बघितलं, कसं दिसतं ते. कागदावर तरी बरं दिसतं.

वखारीशेजारच्या खोलीवर आज पाटी चढवली. लाल पाटी, पिवळी अक्षरं. पाटी, नाव, सोनेरी गोंड्यांचे लाल कोट, तुऱ्याच्या टोप्या, सगळं घाटकोपरच्या भाऊंचं. माणसं आणि खोली आपली. मुलुंडला, बोरिवलीला भाऊंच्या अशाच शाखा आहेत. सगळीकडे ड्रेस तोच, चाली त्याच, सुरुवातीची सलामी तीच. भाऊ म्हणाले, "नाव माझं, वाजवणं तुझं. नावाला डाग लागला तर नाव परत घेणार. मग तू आणि तुझा ढोल." लग्नाचा सीझन संपला की सगळ्या शाखांना घाटकोपरला बोलावतात. पाटी ठेवायची का उतरवायची, ते तिथे ठरतं.

भाऊंच्या ऑफिसात एक फोटो आहे. माझ्याच वयाचा पोरगा, हातात ट्रम्पेट, फोटोला हार. कोण म्हणून विचारणार होतो, पण खिडकीत कबुतर आलं, त्याच्या पायात कोणीतरी घुंगरू बांधलेलं. ते बघत राहिलो. बाहेर आल्यावर अनंताने सांगितलं, "नंदू. भाऊंचा एकुलता एक मुलगा. गेला." अनंता आमचा ट्रम्पेटवाला, भाऊंच्याच हाताखाली तयार झालेला. नंदू गेल्यापासून भाऊंच्या गल्लीत कोणी वाजवायचं नाही म्हणे. कोपऱ्यावरच वाद्यं काखेत मारायची आणि गुपचूप आत जायचं. बँडवाल्याच्याच गल्लीत बँड बंद. आयला, कमाल आहे.

सहदेवदादाने माझ्यासाठी भाऊंकडे शब्द टाकला. गिरणी चालू होती तेव्हा दादा गिरणीच्या गणपतीत क्लॅरिनेट वाजवायचा, त्यातली ही ओळख. संपात गिरणी गेली. आता दादा एका सोसायटीत वॉचमन आहे आणि क्लॅरिनेट जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर. मला म्हणाला, "लवू, ह्या शेवटचा. आजपर्यंत तू खय टिकलंस, सांग बघू?" खरं आहे. आरेच्या दूध केंद्रावर होतो, जुहूला भेळेच्या गाडीवर होतो, मढला शूटिंगच्या बंगल्यात नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा चकचकीत पत्रा धरून उन्हात उभा असायचो. कशातून मी सुटलो आणि कशातून मला काढलं, ते आता आठवत पण नाही. अनुपमा वहिनी म्हणाली, "भावजी, निदान पावसाळ्यापर्यंत टिका." ही डायरी तिनेच दिली. तिला मेडिकलवाल्याने फुकट दिलेली, वर टॉनिकची बाटली आहे.

मला एक पण वाद्य येत नाही. मी बँडमास्तर. काठी वर केली की सुरू, खाली केली की बंद. एवढं जमेल असं वाटतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही जमलं.

आरे कॉलनीत एका पाड्यावर लग्न होतं. बसमधून उतरून मी पुढे, माणसं मागे. रस्ता फुटला तिथे म्हशींचा कळप दिसला. मला वाटलं म्हशी तबेल्यात चालल्यात, तबेल्याकडे कोणीतरी माणूस भेटेल, त्याला विचारू. म्हशी चरायला निघाल्या होत्या. अख्खा बँड लाल कोट घालून म्हशींच्या मागे जंगलात. ढोलवाला म्हणाला, "मास्तर, नवरी काळी आहे वाटतं." पोचलो तेव्हा अक्षता पडून गेलेल्या. पंगतीला वाजवलं. लोक हसत हसत जेवले.

विद्याधर तिथे आधीच येऊन बसलेला. हा भाऊंचा जावई. शाखांवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे. सफारी सूट, चेहरा इस्त्री केलेला, आणि बोलताना सारखं घड्याळ बघतो. "जंगल बघायला आलेलात का मास्तर?" एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली. सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे दादाला सांगताना गडबड व्हायला नको.

मढला कोळीवाड्यात लग्न. वेसाव्याहून तरीच्या होडीतून खाडीपलीकडे गेलो. वेळेवर पोचलो, सलामी झकास झाली, संध्याकाळची वरात निघाली, पोरं नाचतायत. पाखाडीच्या, म्हणजे त्यांच्या गल्लीच्या, वळणावर तो शूटिंगचा बंगला आहे, मी कामाला होतो तो. त्याच्या गच्चीत एक राजा उभा होता. डोक्यावर मुकुट, खाली लुंगी, हातात विडी. वाकून वरात बघत होता. तो वरात बघतोय, मी त्याला बघतोय. दाढी एका बाजूने सुटलेली, ती तो सारखी दाबत होता.

एवढ्यात काहीतरी वेगळं वाटलं. वळून बघतो तर नाचणारे सगळे थांबलेले. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. नवऱ्याचा काका मघापासून मला हात खाली, हात खाली करून दाखवत होता म्हणे. मी कुठे बघतोय! आणि आमचा बँड एका हिरव्या दारासमोर फुल जोरात वाजतोय.

दारातून एक म्हातारी बाहेर आली. मी काठी खाली केली. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मेल्या, ह्या अंजनाबाईचा घर. तिचा पोर होडीसकट गेला, वरसं झाली. तवापासून ह्या दाराफुडं कोनाची वरात वाजत नाय. मान राखून गप जातान सगले."

म्हातारी मला खालपासून वरपर्यंत बघत होती.

"बंद कं केलास?"

"चुकलो, आई."

"चुकलास तं चुकलास. आता वाजव."

मी काकाकडे बघितलं. काका समुद्राकडे बघायला लागला. मी काठी वर केली. म्हातारी नाचली वगैरे नाही. चौकटीला धरून उभी. पायाचा अंगठा तेवढा हलत होता. मग आत जाऊन साखरेचा डबा आणला आणि प्रत्येक वाजवणाऱ्याच्या हातावर चिमूट ठेवली. ढोलवाल्याचे दोन्ही हात अडकलेले, त्याच्या तोंडातच घातली. बायका रडायला लागल्या. नवरी पण रडली, पण नवऱ्या रडतातच.

दादाला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "दुखवट्याच्या दारात वाजवलंस? लवू, तुझा लक्ष खय असता?"

मढचं काम आता कायमचं गेलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी खोलीच्या दारात माशांची टोपली घेऊन एक मुलगी उभी. "चुकलेला मास्तर तो तूच का?"

"कोण पाहिजे?"

"मी कमळ. अंजनाबाईची लेक. बाजारात बसते, अंधेरीला."

मी उभा राहिलो, टोपी काढली, माफी मागायला लागलो. तिने हात झटकला. "माफी ऱ्हाऊ दे. आमच्या पाखाडीत लग्ना हायेत, होलीच्या आधी आन मागनं पन. सगल्यांना तुजा बँड पायजे."

मला कळेना. म्हटलं, "बोरिवलीची शाखा पण आमचीच आहे. ते वेळेचे पक्के आहेत. त्यांचा मास्तर चुकत नाही."

"तेच ना," ती म्हणाली आणि टोपली उचलून गेली. जाताना पानात गुंडाळलेलं एक पापलेट बाकावर ठेवून गेली. विसरली असेल म्हणून मागे धावलो, तर म्हणाली, "खा ना रे." वहिनीने तळलं. विचारत होती कोण ही कमळ. मी म्हटलं गिऱ्हाईक.

१६ मार्च, रविवार

मढ. पुन्हा रेंगाळलो. एका दारात पाय प्लास्टरमधला माणूस खुर्ची टाकून बसलेला, त्याच्याकडे बघून थांबलो, मला प्लास्टरवर काढलेली चित्रं बघायची होती. पुढे एका ख्रिस्ती बाईने खिडकीतून रुमाल हलवला. वरात कोळ्यांची, बाई ख्रिस्ती, अंगात काळा झगा, ना ओळख ना पाळख. तिथे पण थांबलो. तिचा नवरा गल्फमध्ये वारला म्हणे, माती पण तिकडेच झाली. ती म्हणाली, "अजून एक वाजव, लवकर जाऊ नको." अनंताने वाजवलं. नवरदेव घोड्यावर जांभया देत होता, पण त्याच्या आईने येऊन माझ्या गालावरून बोटं उतरवून कडाकडा मोडली. का ते माहीत नाही.

विद्याधर कोपऱ्यावर घड्याळ पुढे करून उभा. "दोन तासांच्या वरातीला तू अख्खी संध्याकाळ घालवतोस. तेवढ्यात दुसरी वरात होते. हा धंदा आहे लवू, फेरफटका नाही."

त्याचं बरोबर आहे. मी तसं म्हटलं पण.

५ एप्रिल, शनिवार

डोकं चालत नाही. कामं एवढी येतायत की अनंता दोघांना नाही म्हणाला. वेसावे, मढ, जुहू गावठाण. बोरिवलीच्या शाखेची दोन लग्नं मोडून आपल्याकडे आली, त्यांनी भाऊंकडे तक्रार केली. आपण उशीर करतो, रेंगाळतो, मास्तराला सूर कळत नाही. मग येतात कशाला? आणि लोक खूश आहेत तर विद्याधर का ओरडतो? दोन्हीतलं एक काहीतरी खोटं पाहिजे.

कमळला विचारलं. ती म्हणाली, "तू खरंच येडा हायेस का सोंग करतस?"

एक चांगला पोपट बघितला आज, वखारवाल्याचा. ट्रम्पेटची नक्कल करतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

विद्याधर खोलीवर आला. उभ्यानेच बोलला. "भाऊंचा निरोप आहे. आता एक वरात जरी लांबली, तर मी पाटी माझ्या हाताने उतरवणार. आणि दुखवट्याच्या घरापुढे वाजवतोस ते बंद. चार चांगली माणसं नावं ठेवतात."

दादा तेवढ्यात ड्युटीवरून आलेला. सगळं ऐकलं. विद्याधर गेल्यावर बराच वेळ वॉचमनची काठी मांडीवर आडवी घेऊन बसला. बोटं काठीवर वरखाली चाललेली, भोकं नसलेल्या काठीवर. मग म्हणाला, "मी शब्द दिलेलो आसा रे. माका आता दुसरो शब्द नाय."

मी देवापुढे उभा राहून ठरवलं. इकडेतिकडे बघायचं नाही. नाकासमोर. ही पाटी गेली तर मी परत पत्रा धरायला.

४ मे, रविवार

आज मी सगळं बरोबर केलं. तेच तर लिहायचंय.

मढला कमळच्या चुलतभावाची वरात. विद्याधर आमच्यासोबत तरीतून आला. वेळेवर निघालो. प्लास्टरवाला आता कुबडी घेऊन दारात होता, हात केला, मी थांबलो नाही. ख्रिस्ती बाईचा रुमाल डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला, मी मान वळवली नाही. गच्चीत आज कोण होतं ते पण नाही बघितलं. विद्याधर बाजूने चालत होता, पहिल्यांदाच म्हणाला, "असं पाहिजे."

अंजनाबाईचं हिरवं दार आलं. या वेळी मला माहीत होतं. रीतीप्रमाणे मी काठी खाली केली. बँड गप. पाखाडीत फक्त बुटांचा आवाज. मला वाटलं, आत्ता कुठे मी शहाणा मास्तर झालो.

म्हातारी दारातच होती. नवं लुगडं, केसांत फुलं, हातात साखरेचा डबा. आम्ही तिच्यासमोरून गुपचूप पुढे चाललो. आणि मागून तिचा आवाज आला, सगळ्या पाखाडीला ऐकू जाईल असा.

"काय रं मास्तर? आज माज्या घरान कोन मेलाय काय?"

सगळे थांबले. मी वळलो. नाही वाजवलं तर हे, वाजवलं तर ते. विद्याधर दातांतल्या दातांत म्हणाला, "चल पुढे. चल. तुझी पाटी, लक्षात ठेव." कमळ आईच्या मागे उभी होती.

मला दादा आठवला, मांडीवरच्या काठीवर चाललेली त्याची बोटं. ती आठवून मी नाकासमोर बघायचा प्रयत्न केला. पण नाकासमोर म्हातारीच होती.

काठी वर केली. अनंता जणू वाटच बघत होता. तिथून पुढे सगळंच सुटलं. मागे फिरून ख्रिस्ती बाईकडे गेलो, कुबडीवाल्याकडे गेलो, नवरदेव घोड्यासकट मागे. विद्याधरने घड्याळ बघायचं सोडून दिलं. शेवटी तरीची वाट बघताना तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मला वाटलं मारतो आता.

"एक सांग. कुठल्या दारापुढे थांबायचं ते तुला कळतं कसं?"

"मला कुठे काय कळतं?" मी म्हटलं. "कोणीतरी दारात उभं असतं."

तो तरीकडे चालायला लागला. "भाऊंना हे जसंच्या तसं सांगणार मी," म्हणाला.

पाटी गेली.

१७ मे, शनिवार

पाटी अजून आहे. मुलुंडची राहते का, पत्ता नाही.

मुलुंडच्या शाखेचा मास्तर चंदू. त्याने ऐकलं, अंधेरीवाले दुखवट्याच्या घरापुढे वाजवतात म्हणून त्यांना कामं येतात. त्याने पण चालू केलं. गुरुवारी एका बंद दारापुढे थांबून दणकून वाजवलं. आतलं माणूस आदल्याच दिवशी गेलेलं. आतून चपला, तांब्या, आणि मग माणसं बाहेर आली. युफोनियमच्या भोंग्याला पोचा पडला, चंदू लंगडतोय. आणि सगळा दोष माझ्यावर, की ही पद्धत अंधेरीची.

भाऊंनी सगळ्यांना पंचवीस तारखेला घाटकोपरला बोलावलंय. ड्रेसमध्ये, वाद्यांसकट. अनंता म्हणाला ड्रेस परत घ्यायचा असेल. दादाने कोटाची बटणं स्वतः ब्रासोने घासून दिली. "परत देवचो आसा तरी चकचकीत देवया," म्हणाला.

२५ मे, रविवार

काय झालं ते मला अजून नीट समजलेलं नाही. दिसलं तसं लिहितो.

कोपऱ्यावर सगळ्या शाखा जमल्या. वाद्यं काखेत घेतली आणि गल्लीत शिरलो. एवढे लाल कोट आणि आवाज नाही. बाकड्यावरची एक बाई भाजी निवडायची थांबली. पुढे बोरिवली, मग मुलुंड, शेवटी आम्ही.

विद्याधर पायरीखाली उभा राहून एकेकाला आत घेत होता. तेवढ्यात भाऊ बाहेर आले आणि दारात उभे राहिले. नेहमी आत गादीवर बसलेले असतात. बोरिवलीवाले नमस्कार करून बाजूने आत गेले. चंदू लंगडत गेला. भाऊ हललेच नाहीत. एक हात चौकटीवर. अंगात साधा सदरा, वर ऊन आलेलं.

मला वाटलं, माझ्यासाठीच थांबलेत. सगळ्यांच्या आधी इथेच सांगणार, उतरव पाटी. मी मान खाली घालून उभा राहिलो.

अनंता मागून हळू म्हणाला, "मास्तर."

"काय?"

"दारात माणूस उभा आहे."

"भाऊ आहेत ते."

"मी पण तेच म्हणतोय."

मी वर बघितलं. भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. अनंताच्या काखेतल्या ट्रम्पेटकडे बघत होते. मढची म्हातारी आणि भाऊ, काही संबंध नाही दोघांचा. पण चौकटीवरचा हात तसाच होता.

काठी वर मी केली का ती गेली, हे आता सांगता येत नाही. विद्याधरचा हात अर्धा वर आला आणि तिथेच राहिला. अनंताने सलामी सुरू केली, एकदम हळू, जसं कोणाला झोपेतून उठवतात तशी. मग ढोल, मग सगळे. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आत गेलेले बोरिवलीवाले, मुलुंडवाले बाहेर आले आणि न विचारता सामील झाले. सलामीत एक जागा आहे, तिथे ट्रम्पेट थांबतो आणि ढोल एकटाच चालतो. तिथे भाऊंनी बोटांनी चौकटीवर ठेका धरला. एक बोट पण चुकलं नाही.

संपलं. मी म्हटलं, "भाऊ, चुकलो."

भाऊ म्हणाले, "क्लॅरिनेट कमी पडतंय तुझ्याकडे. सहदेवला घे." आणि आत गेले. दार लोटलं नाही.

नंतर सगळ्यांसमोर मला उभं केलं. अंधेरीची कामं कशी वाढली ते सांग म्हणाले. मी सांगितलं, वेळेवर जावं, कोटाची सगळी बटणं लावावीत, रस्ता आधी बघून ठेवावा. अनंताला खोकल्याची उबळ आली. चंदूने विचारलं, "आणि ते दारापुढे थांबायचं?" मी म्हटलं, ते घेऊ नका, ते माझं चुकतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटीचं काय ते शेवटपर्यंत कोणी बोललंच नाही. विचारायचं राहून गेलं, जिन्यात त्या घुंगरूवाल्या कबुतराने अंडी घातली होती.

१ जून, रविवार

कमळ आली. "पाटी ऱ्हायली का रे?"

"माहीत नाही. भाऊ काही बोलले नाहीत."

"कायच नाय?"

"क्लॅरिनेटला दादाला घे म्हणाले."

तिने टोपली खाली ठेवली आणि पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "आई इचारते, मास्तराच्या सोताच्या वरातीन काठी कोन धरील?"

"अनंता धरेल की," मी म्हटलं. "पण माझं कुठे काय ठरलंय?"

तिने टोपली उचलली आणि गेली. आज पापलेट नाही ठेवलं. काय चुकलं कळलं नाही. उद्या बाजारात जाऊन विचारतो.

दादाने माळ्यावरून क्लॅरिनेट काढलं. धोतर सोडून खोलीत जमिनीवर पसरलं आणि एकेक तुकडा पुसून जोडत बसला. रीड, फुंकायची वेताची पट्टी, ग्लासातल्या पाण्यात भिजत टाकलेली. वहिनी चहा ठेवते म्हणून गेली ती पडद्यामागेच उभी राहिली. मी विद्याधर पाटी उतरवायला येतोय का ते बघायला बाहेर जात होतो, पण गेलो नाही. चौकटीला धरून थांबलो.

दादाने वर बघितलं. "दारात कित्याक उभो रवलंस?"

"असाच," मी म्हटलं.

दादाने चौकटीवरचा माझा हात बघितला. मग त्याने रीड झटकली, बसवली, आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.